पाचवा फर्मा

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर पुढील वस्तू होत्या: एकाच कादंबरीच्या पाच प्रती, चहाचे दोन कप (एक भरलेला, एक अर्धा), फुटक्या बिस्किटांचा एक पुडा, चष्म्याचे रिकामे घर आणि संध्याकाळच्या भाषणाचा कागद. कागदावर एकच वाक्य होते: 'आज माझ्याकडे शब्द नाहीत.' हे वाक्य सुचायला लेखिकेची सगळी सकाळ गेली होती.

कादंबरी तिचीच होती. एकशे साठ पानांची, सहा वर्षे खपून लिहिलेली. तिला वर्षातल्या सर्वोत्तम कादंबरीचा पुरस्कार मिळाला होता आणि त्यानिमित्त तिच्या लेखक मंडळाने आज सत्कार ठेवला होता. भाषण जमत नाही तर निदान पुस्तकातला एखादा प्रसंग वाचावा, असे तिने ठरवले. प्रसंग कुठला, हा प्रश्नच नव्हता. तिचा नायक घड्याळे दुरुस्त करणारा होता. तो चौकातल्या मनोऱ्यावर चढतो, वर्षानुवर्षे बंद पडलेले घड्याळ चालू करतो आणि उतरताना शिडीवरून पडून मरतो. पाने अडुसष्ट ते सत्तर. तिने वरची प्रत उघडली. पान पासष्ट. तिने ते उलटले. समोर पान बहात्तर आले.

तिने परत उलटून पाहिले. पासष्टच्या मागे थेट बहात्तर. त्र्याहत्तर उलटले तर ऐंशी. मधली पाने गेली नव्हती. ती वरून आणि बाजूने जोडलेलीच होती, चार चार कागदांची दोन बंद पाकिटे असावीत तशी.

"हे बघ ना रे," ती नवऱ्याला म्हणाली.

नवरा बिस्किटांच्या कारखान्यात मालाची तपासणी करत असे. टेबलावरचा फुटका पुडा ही त्याच्या कामाचीच खूण होती. त्याने पाचही प्रती एकेक करून उघडल्या, बोटाने पाकिटे चाचपली आणि म्हणाला, "पाचपैकी पाच. अख्खी बॅच गेलीये तुझी."

लेखिकेने बाइंडरला फोन लावला.

"हां मॅडम, तो पाचवा फर्मा," बाइंडर म्हणाला. चोरी पकडली गेल्याचा त्याच्या आवाजात मागमूस नव्हता. "सोळा पानं एका मोठ्या कागदावर छापतात बघा, त्याच्या घड्या घातल्या की झाला फर्मा. मग कडा कापायच्या, की पानं मोकळी. तुमच्या पहिल्या गठ्ठ्यात पाचव्या फर्म्याची घडी जरा आत बसली. मशीनचं पातं तिथवर पोचलंच नाही. पुढचे गठ्ठे एकदम ओके आहेत."

"मग कळवायचं नाही का मला?"

"कळवणार होतो. पण तीन महिने झाले, कोणी हूं की चूं केलं नाही. म्हटलं, चालतंय."

"चालतंय? अहो, बारा पानं उघडत नाहीत!"

"मॅडम, मागे तुमच्याच मंडळातल्या एका साहेबांच्या पुस्तकाला हेच झालं होतं. एक तक्रार नाही. उलट सगळे म्हणाले, पुस्तक फार छान झालंय. मला वाटलं, बाइंडिंगबद्दलच बोलतायत."

लेखिकेने फोन ठेवला. पहिल्या गठ्ठ्यातल्या प्रती कोणाला गेल्या होत्या, हे तिला नीट आठवत होते. स्वतःच्या हाताने 'सस्नेह' लिहून तिने त्या मंडळाच्या आठही सभासदांना दिल्या होत्या. आणि त्यांतल्या सात जणांचे संदेश तिच्या फोनमध्ये जपून ठेवलेले होते. 'एका बैठकीत वाचून काढली.' 'जेवायचं भान राहिलं नाही.' 'शेवटच्या पानावर रडलो.' मंडळात 'एका बैठकीत वाचून काढली' या वाक्याला 'काय, बरं आहे ना?' इतकेच वजन होते, हे तिला ठाऊक होते. तिने स्वतःही ते अनेकांना पाठवले होते. तरीसुद्धा आपल्या बाबतीत ते खरे असावे, असे तिला वाटत आले होते. तीन महिन्यांत तिने ते संदेश इतक्यांदा वाचले होते, की कादंबरी कोणी तितक्यांदा वाचली असती तर तिची पाने सुटी झाली असती.

"चांगलं झालं की," नवरा म्हणाला. "आता मोजता येईल, कोणी खरंच वाचलीये ते. सरळ चाचणी आहे. पाकीट फोडलेलं असेल तर वाचली, नसेल तर नाही."

"मला नाही मोजायचं."

"का?"

"तू बिस्किटं मोज."

तिला मोजायचे नव्हते याला आणखी एक कारण होते. मंडळात सत्काराची एक ठरलेली पद्धत होती. पूर्वी प्रत्येक वक्ता सत्कारमूर्तीच्या पुस्तकातला आपला आवडता उतारा वाचत असे. पण एका सत्कारात लागोपाठ सगळ्या वक्त्यांना पहिल्याच पानावरचा उतारा आवडला. शेवटच्या वक्त्यापर्यंत तो श्रोत्यांना पाठ झाला होता आणि त्यांनी त्याच्याबरोबर म्हटला. तेव्हापासून अध्यक्षांनी 'पानवाटप' सुरू केले. पुस्तकाचे समान वाटे करायचे आणि ज्याने त्याने आपल्या वाट्यातूनच आवडता उतारा निवडायचा. यामुळे सगळे पुस्तक वाचण्याचा भार कोणा एकावर पडत नसे. मंडळातले एक सभासद समीक्षक होते; एकसष्ट ते ऐंशी ही पाने त्यांच्या वाट्याला आली होती.

म्हणजे आज भर सभेत समीक्षक उभे राहणार, पाने उलटणार आणि पासष्टवरून बहात्तरवर उडी मारणार. त्यांची फजिती होईल ती होईल, पण सत्कार तिचा होता.

"सगळ्यांच्या प्रती बदलून घेते," ती म्हणाली. प्रकाशकाने नुकताच पाठवलेला नवा गठ्ठा दाराशी पडला होता. तिने त्यातल्या आठ चांगल्या प्रती पिशवीत भरल्या आणि फोन करायला बसली.

"प्रत बदलून?" अध्यक्ष म्हणाले. "अहो, काय बोलताय! त्या प्रतीच्या पानापानावर माझ्या खुणा आहेत."

"सगळ्या पानांवर, सर?"

"एकही पान सोडलेलं नाही. ती प्रत आता माझ्याबरोबरच जाणार."

कवयित्री म्हणाली, "अगं, तीनदा वाचली मी! उशाशीच असते. तिच्यावर माझे अश्रू आहेत, ते कसे बदलून देऊ?"

समीक्षकांनी तर तिला वाक्य पुरे करू दिले नाही. "दोष? कसला दोष? मी परीक्षण लिहिलंय त्यावर, ताई. मला एकही दोष सापडलेला नाही."

"नाही, म्हणजे मधल्या भागात कुठे अडखळल्यासारखं..."

"छे! उलट तिथे तर काय ओघ आहे! पानं कशी उलटली जातात, कळतच नाही."

"हे खरं आहे," नवरा टेबलापलीकडून म्हणाला.

आठवा फोन तिने केला नाही. तो लालपेनला करायचा होता. लालपेन वर्तमानपत्रात मुद्रिते तपासत असे आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहीत असे. लाल पेन खिशाला लावूनच तो लग्नाकार्यालाही जाई आणि आमंत्रणपत्रिका दुरुस्त करून परत देई. तिच्या कादंबरीबद्दल त्याने एवढेच कळवले होते: 'पुस्तक मिळाले.' यंदाच्या पुरस्कारासाठी त्याचीही कादंबरी होती. पानवाटपात त्याने वाटा घ्यायला नकार दिला, तेव्हा मत्सर म्हणतात तो हाच, यावर मंडळाचे एकमत झाले. त्याच्या वाट्याची वीस पाने अध्यक्षांनी मोठ्या मनाने स्वतःकडे घेतली आणि मग स्वतःच्या वीस पानांसकट कवयित्रीला दिली.

"त्याला नाही करणार?" नवऱ्याने विचारले.

"त्याने उघडलंसुद्धा नसेल."

सत्कार वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर होता. खुर्च्या चाळीस होत्या, माणसे तेवीस. त्यांत सभासद आठ आणि बाकीचे सभासदांनी आणलेले नातेवाईक. प्रत्येक सभासदाच्या मांडीवर कादंबरीची प्रत होती आणि प्रतीतून रंगीत कागदाच्या खुणा बाहेर डोकावत होत्या. अध्यक्षांच्या प्रतीत इतक्या खुणा होत्या, की पुस्तक मिटत नव्हते. लेखिका पिशवी घेऊन पहिल्या रांगेकडे गेली आणि हळूच म्हणाली, "सर, एक मिनिट, ती प्रत..." अध्यक्षांनी पुस्तक छातीशी धरले. शेजारी समीक्षकांनीही धरले. पुष्पगुच्छ देऊन तिला खुर्चीत बसवण्यात आले. पिशवी पायाशी राहिली.

अध्यक्षांनी सुरुवात केली. "इतर ठिकाणी लेखक एकमेकांचे पाय ओढतात. आपल्या मंडळात मत्सराला जागा नाही." एवढे बोलून त्यांनी शेवटच्या रांगेत खिडकीशी बसलेल्या लालपेनकडे पाहिले. "हा पुरस्कार आम्हा सगळ्यांना मिळाला, असं मी मानतो. खरं सांगायचं तर मी यांना सुरुवातीलाच म्हटलं होतं, लिहीत राहा. तिथून हे सगळं सुरू झालं."

मग कवयित्री उठली. तिच्या वाट्याला पहिल्या साठ पानांचे तीन वाटे होते. तिने पहिल्या पानावरचा उतारा वाचला. नंतर पुस्तक मिटून, डोळे मिटून ती म्हणाली, "आणि शेवटी थकलेला तो नायक आपलं घड्याळ नातवाच्या हातात ठेवतो ना, तेव्हा मला माझे आजोबा दिसले."

टाळ्या पडल्या. लेखिकेच्या नायकाला नातू नव्हता. मुलेही नव्हती. नव्वद पानांची विधवा बायको मात्र होती. तो गेल्यावर दुकान तीच चालवते.

"तो नायक आजही माझ्यासमोर उभा आहे," पुढच्या वक्त्याने सांगितले. त्याच्या पुढच्याने तर नायकाचे म्हातारपण उलगडून दाखवले. लेखिका मान डोलावत राहिली. दुसऱ्या रांगेत बसलेला नवरा बोटांवर काहीतरी मोजत होता. तिने त्याच्याकडे रागाने पाहिले, तेव्हा त्याने मूठ मिटली.

समीक्षक उभे राहिले. त्यांनी पुस्तक उघडले ते बरोबर पान बहात्तर-त्र्याहत्तरवर, कारण ती प्रत आपोआप तिथेच उघडत होती. त्यांनी घसा साफ केला. सगळे सुखरूप पार पडले असते, पण नेमके तेव्हा अध्यक्षांच्या हाताला पुरस्काराचे मानपत्र लागले.

"थांबा, थांबा! परीक्षकांनी काय लिहिलंय बघा: 'पान अडुसष्टवरील मनोऱ्याचा प्रसंग हा या कादंबरीचा प्राण आहे.' वा! आणि हे पान आपल्या समीक्षकांच्या वाट्याचं! म्हणजे प्राण तुमच्याकडे आहे. होऊन जाऊ दे!"

समीक्षकांनी पान पासष्ट काढले. उलटले. परत उलटले. खुणेचा कागद काढून दुसरीकडे घातला. पुस्तक जरा दूर धरले, जवळ धरले. लेखिका अर्धवट उठली. "माझ्याकडे दुसऱ्या प्रती आहेत, मी..."

"बसा हो, ताई! आज तुम्ही काही करायचं नाही," अध्यक्ष म्हणाले.

समीक्षकांना वीस वर्षांचा अनुभव होता. त्यांनी पुस्तक मिटले. "मित्रहो, काही प्रसंग एकट्याने वाचणं हा त्यांच्यावर अन्याय असतो. हा प्रसंग आपण सगळ्यांनी मिळून, एका सुरात वाचावा, असं मला आतून वाटतं."

"अप्रतिम कल्पना!" अध्यक्ष आनंदले. "सगळ्यांनी उभे राहा. आपापल्या प्रतीत पान अडुसष्ट काढा."

सगळे उभे राहिले. सगळ्यांनी काढायला सुरुवात केली. त्यानंतर सभागृहात जी शांतता पसरली, ती कोणा दिवंगत सभासदासाठीही कधी पसरली नव्हती. अध्यक्षांनी बोटाला थुंकी लावली. मग पुस्तक डोक्यावर उचलून पाकिटाला खालून डोळा लावला. कवयित्रीने पानांत फुंकर मारून पाहिली. एकाने सरळ दुसऱ्याच कुठल्या पानावर बोट ठेवले आणि ओठ हलवू लागला. प्रत्येकाला वाटत होते, की गडबड फक्त आपल्याच प्रतीत आहे, आणि प्रत्येक जण शेजाऱ्यापासून पुस्तक झाकून घेत होता. हळूहळू एक गुणगुण सुरू झाली. तिच्यात शब्द नव्हते.

मग शेवटच्या रांगेतून कोरडा, स्पष्ट आवाज आला. "'वर वारा होता. घड्याळाचा मोठा काटा त्याच्या हाताहून लांब होता. त्याने तो ढकलला.'"

"...तो ढकलला," सात जणांनी अर्धा शब्द मागून म्हटले. त्यांच्या चेहऱ्यावर रंग परत आला.

"'खाली चौकात कोणीतरी मान वर करून म्हणाले, अरे, हे चालतं होय?'"

"...चालतं होय?"

"इथे शिडी मनोऱ्याच्या डाव्या अंगाला आहे," लालपेन त्याच आवाजात म्हणाला. "पान पासष्टवर ती उजव्या अंगाला होती. असो."

"...उजव्या अंगाला होती. असो," सगळे भावनेने म्हणाले.

वाचन पुढे चालू राहिले. घड्याळाचा टोल पडला, नायक उतरू लागला, पायरी निसटली. लालपेनने प्रसंगाचे शेवटचे वाक्य वाचले: "'चौकातल्या लोकांनी आधी घड्याळाकडे पाहिले आणि मग त्याच्याकडे, तोवर तो गेला होता.'"

"मेला?" कवयित्री ओरडली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. तिने सांगितलेला, नातवाच्या हातात घड्याळ देणारा नायक अजून कित्येकांच्या डोळ्यांसमोर उभा होता. अध्यक्ष सर्वांत आधी सावरले. "पाहिलंत? तीनदा वाचूनही धक्का बसतो. याला म्हणतात लेखन!"

टाळ्या फार वेळ वाजल्या, कारण आधी थांबायला कोणी तयार नव्हते.

चहाच्या वेळी लेखिकेची पिशवी हलकी होत गेली. अध्यक्षांनी तिला खांबाआड गाठून, मेव्हण्याला भेट द्यायला एक प्रत मिळेल का, असे विचारले. कवयित्रीची प्रत अश्रूंनी खराब झाली होती. समीक्षकांना एक प्रत संग्रही ठेवायला हवी होती, 'शक्यतो नव्या गठ्ठ्यातली'. अशा सात प्रती गेल्या. प्रत्येक जण आपली जुनी प्रत पाठीमागे धरून उभा होता.

लालपेन खिडकीशी कप ठेवून निघायच्या बेतात होता. ती त्याच्याकडे गेली. तिने हात पुढे केला आणि त्याने आपली प्रत तिला दिली. पाचव्या फर्म्याची सगळी पाने मोकळी होती, कडा सरळ कापलेल्या. समासात लाल खुणा होत्या. पान एकशे छप्पन्नवरसुद्धा एक होती.

"शेवट घाईत उरकलाय," तो म्हणाला. "बायकोचा भाऊ एकदम नाहीसाच होतो, तो कुठे गेला ते कळत नाही."

"हो. तो राहिलाच."

"पण मनोऱ्याचं पान मला लिहिता आलं असतं, तर मी पुढे काही लिहिलं नसतं."

सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे खरोखर शब्द नव्हते.

"हे कापलं कशाने तुम्ही?" शेवटी तिने विचारले.

"स्टीलच्या पट्टीने. सुरीने कागद फाटतो. माझ्या पुस्तकाला तुम्ही काय वापरलं होतंत? त्याचा तिसरा फर्मा असाच होता, त्याच बाइंडरचा." त्याने हे खवचटपणे विचारले की साधेपणाने, हे चेहऱ्यावरून ठरवता येत नव्हते.

"पट्टीच," ती म्हणाली.

"हां. पट्टीच बरी." त्याने आपली प्रत परत घेतली आणि जिना उतरून गेला.

घरी आल्यावर नवऱ्याने पुष्पगुच्छ बादलीत ठेवला. "मी मोजणार नव्हतो," तो म्हणाला, "पण आठपैकी एक. साडेबारा टक्के. आमच्याकडे असं आलं, तर लाइन बंद करतात."

"स्टीलची पट्टी कुठे आहे रे?"

"खणात. का?"

कपाटासमोर स्टूल ओढून ती वर चढली. सहकाऱ्यांची पुस्तके सर्वांत वरच्या फळीवर होती, सगळी भेट मिळालेली, सगळी एका बैठकीत वाचून काढलेली. लालपेनची कादंबरी डावीकडून चौथी होती. तिने ती ओढून काढली, बाहीने वरची धूळ पुसली आणि तिथेच, स्टुलावर उभी राहून तिसरा फर्मा उघडला. तेहेतीस. चाळीस. एक्केचाळीस. अठ्ठेचाळीस.

नवरा पट्टी घेऊन खाली उभा होता. "किती?" त्याने विचारले.

तिने पुन्हा एकदा मोजले.

"उघडी चार," ती म्हणाली. "बंद बारा."